समोर न आलेल्या रुग्णाचा हिशेब

ठाण्यात नौपाड्यातील एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर आमच्या छोट्या धर्मादाय न्यासाची वैद्यकीय साहाय्य समिती दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी बसते. पाच सदस्य, एक लांब टेबल आणि त्यावर अर्जांच्या फायली असतात. प्रत्येक फायलीत केशरी शिधापत्रिकेची झेरॉक्स, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रुग्णालयाच्या शिक्क्याचे एस्टिमेट आणि पुष्कळदा कोणाचे तरी शिफारसपत्र. मी या समितीत सहा वर्षे आहे. मंजूर केलेले अर्ज आता फारसे आठवत नाहीत, पण दोन वर्षांपूर्वी नोव्हेंबरात नाकारलेला एक अर्ज मनातून जात नाही.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये आम्ही एकाच रुग्णाच्या अतिदक्षता विभागातील बिलासाठी साडेतीन लाख रुपये दिले होते. रुग्णाची मुलगी समोर बसून रडत होती आणि आमच्यापैकी कोणाचीही नाही म्हणायला जीभ रेटली नाही. आठव्या दिवशी रुग्ण दगावला. दिवाळीपर्यंत वर्षाचा निधी संपत आला, आणि नोव्हेंबरात शहापूर तालुक्यातील एका पाड्यावरून एक बाई आल्या. त्यांच्या नवऱ्याच्या दोन्ही डोळ्यांतील मोतीबिंदू पिकले होते. शस्त्रक्रिया मोफत होणार होती. मागणी होती ती जाण्यायेण्याच्या भाड्याची, सोबत थांबणाऱ्या मुलाच्या बुडणाऱ्या मजुरीची आणि नंतरच्या थेंबांची, म्हणजे सगळे मिळून काही हजारांची. आमच्या नियमांत 'प्रवास' आणि 'मजुरी' अशी शीर्षकेच नव्हती. निधीही उरला नव्हता. मार्चनंतर या, असे आम्ही सांगितले. त्या परत आल्या नाहीत.

मी तीस वर्षे ठाणे-बेलापूर रस्त्यावरील एका रसायन कारखान्याच्या खरेदी विभागात नोकरी केली. तीन कोटेशने घेऊन त्यांचा तुलनात्मक तक्ता केल्याशिवाय तिथे साधा व्हॉल्व्हही विकत घेतला जात नसे, आणि त्या तक्त्यात किमतीइतकेच महत्त्व वस्तू किती वर्षे चालेल याला असे. मग लोकांनी विश्वासाने दिलेला पैसा जीवनमरणाच्या प्रश्नावर खर्च करताना आम्ही तक्ता का मांडत नाही, हा प्रश्न मला त्या नोव्हेंबरात पडला. उत्तर शोधताना कळले की जगभर याचे एक रीतसर शास्त्र उभे आहे आणि आपल्या देशातही त्याचे काम चालते.

त्याची मूळ कल्पना अवघड नाही. नवा उपचार जुन्यापेक्षा किती जास्त खर्चाचा आहे ते काढायचे, त्यातून किती जास्त आरोग्य मिळते ते काढायचे आणि पहिल्याला दुसऱ्याने भागायचे. हे 'आरोग्य' मोजण्यासाठी आयुष्याची वर्षे आणि त्या वर्षांतील प्रकृती यांचा गुणाकार करतात; पूर्ण निरोगी एक वर्ष म्हणजे एक, आणि अर्ध्या गुणवत्तेने काढलेली दोन वर्षे म्हणजेही एकच. इंग्लंडमध्ये १९९९ साली स्थापन झालेली 'नाइस' ही संस्था अशा हिशेबावर कोणते औषध सरकारी खर्चाने द्यावे याची शिफारस करते, आणि अशा एका वर्षामागे वीस ते तीस हजार पौंड ही मर्यादा तिने दीर्घकाळ वापरली. थायलंडने २००७ मध्ये अशीच यंत्रणा उभारली. भारतात केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाने २०१७ मध्ये 'आरोग्य तंत्रज्ञान मूल्यांकन' यंत्रणा सुरू केली.

या यंत्रणेने आरंभी हाती घेतलेल्या विषयांत मोतीबिंदूच्या लेन्सचा विषय होता, हे वाचले तेव्हा मी खुर्चीत सावरून बसले. आमच्याकडे महिन्याला असे दोन-तीन अर्ज येतातच. कळव्यातील एका रिक्षाचालकाच्या आईचा अर्ज तेव्हा टेबलावर होता आणि एस्टिमेटमध्ये परदेशी, घडीच्या लेन्ससह एका डोळ्याचे बेचाळीस हजार रुपये लिहिले होते. आमच्या ओळखीच्या एका नेत्रतज्ज्ञ डॉक्टरांना आम्ही बैठकीला बोलावले. त्यांनी खिशातून दोन डब्या काढल्या आणि दोन लेन्स पांढऱ्या कागदावर ठेवल्या. दोन्ही शर्टाच्या कॉलरच्या बटणाहूनही लहान, कडेला केसासारखे दोन वाकडे तंतू. एक कडक, दुसरी चिमटीत दुमडणारी. कडक लेन्ससाठी साधारण सहा मिलिमीटरची चीर लागते, ती बहुधा टाक्याशिवाय भरते. घडीची लेन्स तीन मिलिमीटरहून कमी चिरेतून आत जाते, डोळा लवकर सावरतो आणि चष्म्याचा तिरका नंबर कमी येतो. हा फरक खरा आहे, हे डॉक्टरांनी आवर्जून सांगितले. पण आंधळेपणा दोन्हींनी जातो. देशाच्या पातळीवर केलेल्या मूल्यांकनातही लहान चिरेची शस्त्रक्रिया आणि कडक लेन्स हाच पर्याय खर्चाच्या मानाने सर्वांत लाभदायक ठरला होता.

त्या दिवशी मी कागदावर भागाकार केला. एका डोळ्याच्या त्या एस्टिमेटमध्ये, धर्मादाय नेत्ररुग्णालयाच्या दराने, पाच-सहा डोळे सहज झाले असते, आणि शहापूरच्या त्या गृहस्थांसारख्या कितीतरी जणांचे भाडे व मजुरी भागली असती. आम्ही रिक्षाचालकाला बोलावून दोन्ही पर्याय समजावले. आईची शस्त्रक्रिया पुढच्या पंधरवड्यात धर्मादाय रुग्णालयात झाली आणि ती आता तांदूळ निवडते, असे तो नंतर सांगून गेला.

अशा हिशेबाचे नाव काढले की समितीतील आमचे ज्येष्ठ सदस्य अस्वस्थ होतात. माणसाच्या जिवाची किंमत करणारे तुम्ही कोण, हा त्यांचा प्रश्न आहे आणि तो मी हलका मानत नाही. पण किंमत आम्ही आधीही करतच होतो. फक्त ती कोण आधी आला, कोण मोठ्याने रडला आणि कोणाची शिफारस आली यावर ठरत होती. ऑगस्टमधल्या साडेतीन लाखांनी नोव्हेंबरातल्या बाईंना परत पाठवले. त्या दोघांना आम्ही एकाच वेळी समोर पाहिले असते, तर निर्णय वेगळा झाला असता असे मला वाटते. समोर न आलेल्या रुग्णाला टेबलावर जागा देण्याचा दुसरा मार्ग मला अद्याप सापडलेला नाही.

शिवाय हा हिशेब केवळ नाही म्हणण्यासाठी असतो, हा समज चुकीचा आहे. किंमतच का इतकी, असेही तो विचारतो. मदुराईच्या अरविंद नेत्ररुग्णालयाने १९९२ मध्ये स्वतःचा लेन्सचा कारखाना काढला तो आयात लेन्स गरिबांना परवडत नव्हत्या म्हणून. २०१७ च्या फेब्रुवारीत केंद्राने हृदयाची रक्तवाहिनी उघडी ठेवणाऱ्या जाळीदार नळीवर, म्हणजे स्टेंटवर, किमतीची कमाल मर्यादा घातली आणि औषधी लेप असलेल्या स्टेंटची किंमत २९,६०० रुपयांवर आणली. टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने चालणाऱ्या राष्ट्रीय कर्करोग ग्रिडने अनेक रुग्णालयांची मागणी एकत्र करून चाळीस औषधांची सामूहिक खरेदी केली आणि तेराशे कोटींहून अधिक रुपये वाचवले. खरेदी विभागात आयुष्य घालवलेल्या मला हा आकडा वाचताना भरून आले.

टाटा मेमोरियलचेच आणखी एक काम आमच्या थेट उपयोगी पडले. तंबाखूमुळे तोंडाचा कर्करोग झालेले रुग्ण दिवा, मुंब्रा, ऐरोली इकडून आमच्याकडे सतत येतात, आणि इम्युनोथेरपीचे, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कर्करोगाशी लढायला लावणाऱ्या औषधांचे, एस्टिमेट पाहिले की आमचे वर्षाचे अंदाजपत्रक त्यापुढे तोकडे पडते. टाटाच्या डॉक्टरांनी पुढच्या टप्प्यात गेलेल्या डोके व मानेच्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांवर चाचणी केली. तोंडावाटे घ्यायच्या स्वस्त औषधांच्या जोडीला निवोलुमॅब हे इम्युनोथेरपीचे औषध नेहमीच्या मात्रेच्या दहा टक्क्यांहूनही कमी, म्हणजे दर तीन आठवड्यांनी अवघे २० मिलिग्रॅम दिले, आणि एक वर्षानंतर हयात असलेल्यांचे प्रमाण फक्त स्वस्त औषधे घेणाऱ्यांत १६.३ टक्के, तर जोडीला निवोलुमॅब मिळालेल्यांत ४३.४ टक्के निघाले. या चाचणीत पूर्ण मात्रेशी तुलना केलेली नव्हती, त्यामुळे कमी मात्रा तितकीच गुणकारी आहे असे तिच्यावरून म्हणता येत नाही. पण आमच्या रुग्णांपुढचा खरा पर्याय पूर्ण मात्रा हा कधीच नव्हता. तो काहीच नाही हा होता. हा पर्याय विचारात घ्यावा का, असे उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारण्याइतकी जाण आता आमच्याकडे आहे. निर्णय अर्थात त्यांचा.

एका बाबतीत मात्र माझे समाधान झालेले नाही. प्रकृतीची गुणवत्ता मोजण्यासाठी सर्वाधिक वापरली जाणारी प्रश्नावली पाच गोष्टी विचारते: चालणे-फिरणे, स्वतःची निगा, नेहमीची कामे, वेदना आणि चिंता किंवा उदासी. चंडीगढच्या पीजीआय या वैद्यकीय संस्थेतील संशोधकांनी भारतीयांना विचारून तिचे भारतीय गुणांकनही तयार केले आहे, हे चांगलेच झाले. पण गुडघे बदलल्यानंतर माझ्या आईला सगळ्यांत टोचले ते पंगतीत मांडी घालून बसता न येणे आणि देवापुढे खुर्ची मांडावी लागणे. हे दुःख 'नेहमीची कामे' या रकान्यात पुरेसे उतरते का, याची मला शंका आहे. तसेच एखाद्या अतिशय दुर्मीळ आजाराच्या मुलाचा अर्ज भागाकारात कायम हरणार, हे उघड आहे. त्यासाठी आम्ही निधीचा दहावा हिस्सा बाजूला काढला आहे आणि त्याचा निर्णय भागाकाराशिवाय, पाचही जणांच्या एकमताने होतो. ही तडजोड कोणत्या शास्त्रात बसते ते मला सांगता येणार नाही, पण ती मोडायला मी तयार नाही.

बाकी बदल छोटे आहेत. अर्जाच्या नमुन्यात 'प्रवास व बुडालेली मजुरी' हे शीर्षक आले. डायलिसिससाठी कसाऱ्याहून आठवड्यातून दोनदा ठाण्याला येणाऱ्या रुग्णाला, उपचार योजनेतून मोफत असला तरी, नेमके हेच परवडत नसते आणि त्यापायी फेऱ्या चुकतात. पन्नास हजारांवरील प्रत्येक अर्जासोबत एक पानी तक्ता लागतो: दुसरा पर्याय कोणता, त्याचा खर्च किती, फरकाने रुग्णाला काय मिळेल. आणि नाकारलेल्या अर्जांची वेगळी फाइल आहे, जी दर बैठकीत टेबलाच्या मधोमध असते. मोठी रक्कम मंजूर करण्यापूर्वी अध्यक्ष त्यातील शेवटचे तीन अर्ज मोठ्याने वाचतात. फायलीत सर्वांत खाली शहापूरच्या बाईंचा अर्ज आहे, त्यावर त्यांनी दिलेला शेजाऱ्यांचा फोन नंबर आहे, आणि गेल्या शनिवारी आम्ही तो पुन्हा लावून पाहिला.