मुरुमांसाठी स्पायरोनोलॅक्टोन घेताना पाळी कशी सांभाळली: माझा अनुभव

पाळीच्या आधी हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेला खोल, हात लावला तरी ठणकणारी मुरुमं यायची. त्यासाठी त्वचारोगतज्ज्ञांनी मला स्पायरोनोलॅक्टोन सुरू केलं. मूळचं हे रक्तदाबाचं आणि लघवी वाढवणारं औषध. मुरुमांसाठी त्याला वेगळी मंजुरी नाही, तरी डॉक्टर ते कित्येक दशकांपासून लिहून देत आलेत. अँड्रोजेन म्हणजे पुरुषी संप्रेरकं बायकांच्या शरीरातही थोडी असतातच, आणि तीच त्वचेतल्या तेलग्रंथींना चेतवतात. ती पेशीत जिथे जाऊन बसतात ती जागा हे औषध अडवतं. पण हा परिणाम चेहऱ्यापुरता राहत नाही. गोळी सगळ्या शरीरात फिरते, आणि पाळी, स्तन, रक्तदाब या सगळ्यांवर त्याचे पडसाद उमटतात. हे आधी समजून घेतलं की पुढचं बरंच सोपं जातं.

सुरुवात बहुधा २५ किंवा ५० मिलिग्रॅमने होते आणि मग गरजेप्रमाणे १०० पर्यंत वाढवतात. गोळी जेवणाबरोबर घ्यावी, शोषण चांगलं होतं. मी ती सकाळीच घेते. रात्री घेतली तर लघवीसाठी झोपमोड ठरलेली. फरक दिसायला तीन महिने धरून चालावं, पूर्ण परिणामाला सहा. २०२३ साली बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेल्या ४१० स्त्रियांवरच्या चाचणीतही १२ आठवड्यांपेक्षा २४ आठवड्यांना सुधारणा जास्त ठळक होती. सहाव्या आठवड्यात आरशात बघून गोळी सोडून देणं म्हणजे दुष्परिणाम सोसून फायद्याच्या आधीच उठून जाणं.

सगळ्यात जास्त घाबरवते ती पाळी. दोन पाळ्यांच्या मध्येच डाग पडतात, पाळी लवकर येते, कधी लांबते, रक्तस्राव कमीजास्त होतो. डोस जितका मोठा तितकं हे जास्त. माझंही डोस वाढवल्यावरच चक्र विस्कटलं. अशा वेळी नोंदवहीइतकी उपयोगाची दुसरी गोष्ट नाही. तारीख, त्या दिवशीचा डोस, आणि रक्तस्रावासाठी तीनच शब्द: डाग, हलका, पूर्ण. शेजारी छाती दुखते का, डोकं दुखतं का, एवढंच. ‘पाळी अनियमित झाली’ असं नुसतं सांगितलं तर डॉक्टरांच्या हाती काही लागत नाही. ‘१०० वर गेल्यापासून चौदाव्या दिवशी डाग पडतात, ५० वर पडत नव्हते’ असं सांगितलं की निर्णय घेता येतो: डोस एक पायरी खाली आणायचा, थोडं थांबायचं, की जोडीला संयुक्त (इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन अशी दोन संप्रेरकं असलेली) गर्भनिरोधक गोळी द्यायची. ही गोळी पाळीला शिस्त लावते आणि मुरुमांवरही काम करते. तिच्यातल्या इस्ट्रोजेनमुळे यकृत एक प्रथिन जास्त बनवतं, ते रक्तातलं मोकळं टेस्टोस्टेरॉन, म्हणजे मुख्य अँड्रोजेन, बांधून ठेवतं. पाळी चुकली तर मात्र आधी गर्भचाचणी करायची, मग औषधाला दोष द्यायचा.

छाती जड होणं, दुखणं हेही याच औषधाचं. नीट आधार देणारी ब्रा आणि डोस कमी करणं, दोन्हींनी फरक पडतो. एकाच जागी गाठ लागली किंवा बोंडातून स्राव आला तर ते ‘औषधामुळेच असेल’ म्हणून सोडून देऊ नये.

उठल्यावर गरगरत असेल तर रक्तदाब घरी मोजता येतो. पाच मिनिटं शांत बसून किंवा पडून एकदा, उभं राहिल्यावर एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर ते डॉक्टरांना कळवायचं.

पोटॅशियमचा प्रश्न हार्मोनचा नाही, पण जिवाशी गाठ असलेला आहे. हे औषध पोटॅशियम शरीरातच धरून ठेवतं. तरुण, निरोगी बाईत ते धोकादायक पातळीला जाणं विरळाच. मूत्रपिंडाचा आजार, वाढतं वय किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्या असतील तर मात्र वेळोवेळी रक्त तपासावंच लागतं. लक्षात न येणाऱ्या दोन गोष्टी सांगते. कमी सोडियमच्या मिठात बऱ्याचदा पोटॅशियम क्लोराइड असतं. आणि लघवीच्या जंतुसंसर्गावर देतात त्या काही अँटिबायोटिक्समध्ये ट्रायमेथोप्रिम असतं, तेही पोटॅशियम वाढवतं. म्हणून कुठल्याही डॉक्टरांकडे गेलं तरी स्पायरोनोलॅक्टोन चालू आहे हे पहिल्यांदा सांगायचं. रक्त देताना मूठ वारंवार आवळली तरी आकडा खोटा वाढतो. नुसत्या एका आकड्याने हादरून न जाता तपासणी लगेच पुन्हा करून घ्यायची.

गरोदरपणात हे औषध चालत नाही. पोटातल्या मुलग्याच्या जननेंद्रियांच्या वाढीत ते अडथळा आणू शकतं. त्यामुळे ते चालू असेपर्यंत भरवशाचं गर्भनिरोधन हवंच, आणि मूल हवं असेल तर प्रयत्न सुरू करण्याआधीच डॉक्टरांशी बोलून ते थांबवायचं. स्पायरोनोलॅक्टोन स्वतः गर्भनिरोधक नाही. पाळी लांबली म्हणजे गर्भ राहणार नाही, असा अर्थ कुणी काढू नये.

जोडीला संयुक्त गोळी घेणार असाल तर ३५ च्या पुढे सिगारेट ओढणारीला, ऑरासह मायग्रेन (डोकं दुखण्याआधी डोळ्यांपुढे चमकणं, मुंग्या येणं असं होणारी अर्धशिशी) असणारीला किंवा पूर्वी रक्ताची गाठ झालेलीला ती देत नाहीत. पहिले तीन महिने मधेच डाग पडणं नेहमीचं, आणि गोळ्या चुकल्या तर ते वाढतं. गोळीत ड्रॉस्पिरेनोन असेल तर तोही पोटॅशियम धरून ठेवणाराच घटक आहे, त्यातल्या ३ मिलिग्रॅमचा हा परिणाम साधारण २५ मिलिग्रॅम स्पायरोनोलॅक्टोनइतका. म्हणजे डोस मोजताना ही भर धरायची. एकाच पायाची पोटरी सुजून दुखली, अचानक दम लागला, छातीत कळ आली किंवा एका बाजूचं अंग लुळं पडलं तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता थेट हॉस्पिटल गाठायचं, आणि कुठल्या गोळ्या चालू आहेत ते दारातच सांगायचं.