लेस्टरचे हट्टी आईबाप

इंग्लंडमधलं लेस्टर म्हटलं की आपल्या लोकांना बेलग्रेव्ह रोडवरची दिवाळी आठवते. मी इथेच राहते, पण मला या गावाची जास्त गंमत वाटते ती देवीची लस नको म्हणणाऱ्या त्याच्या जुन्या हट्टामुळे.

1853 पासून इंग्लंडमध्ये तान्ह्या बाळाला देवी टोचून घेणं सक्तीचं होतं. टोचलं नाही की दंड. दंड थकला तर घरातलं सामान लिलावात, नाहीतर तुरुंगाची हवा. लेस्टर हे मोजे विणणाऱ्या, बूट शिवणाऱ्या कामगारांचं गाव. 1871-72 च्या साथीत टोचलेली माणसंही दगावली आणि लोकांचा विश्वास उडाला. शिवाय तेव्हा एका मुलाच्या दंडावरच्या फोडातला द्रव काढून दुसऱ्याला टोचत. त्यातून भलताच रोग चिकटेल ही धास्ती काही अगदीच खुळी नव्हती. मार्च 1885 मध्ये इथे अफाट मोर्चा निघाला आणि लोकांनी देवीची लस शोधणाऱ्या जेन्नरची प्रतिमा चक्क फासावर लटकवली!

1898 च्या कायद्याने सुटकेची वाट दिली, पण कशी? बाळ चार महिन्यांचं व्हायच्या आत दोन मॅजिस्ट्रेटांपुढे उभं राहायचं आणि आपला विरोध सदसद्विवेकबुद्धीतून आहे हे त्यांना पटवायचं. कारखान्यातला खाडा पदरात घेऊन गेलेला बाप विवेक दाखवणार तरी कुठून काढून? एखाद्या कोर्टात लगेच दाखला मिळे, दुसरीकडे उलटतपासणी आणि वर टोमणे. 1907 मध्ये नुसतं प्रतिज्ञापत्र पुरेसं झालं. पुढे 1916 मध्ये लढाईवर जायला नकार देणाऱ्यांसाठीही कायद्याने हाच विवेकाचा आधार घेतला.

मग लेस्टरमध्ये देवीने हाहाकार का माजला नाही? रोगी सापडला की लगेच नगरपालिकेला वर्दी. रोगी वेगळ्या इस्पितळात, घरच्यांवर पाळत, अंथरूण-पांघरुणाचं निर्जंतुकीकरण. निरीक्षक पुढचे कित्येक दिवस दार ठोठावत राहणार. म्हणजे ज्यांनी सरकारला बाळाच्या दंडाला हात लावू दिला नाही, त्यांनी त्याच सरकारला थेट माजघरात घेतलं. इंग्लंडमधल्याच ग्लॉस्टरमध्येही पुष्कळांनी टोचणी टाळली होती, पण तिथे असा चोख बंदोबस्त नव्हता. 1895-96 च्या साथीत तिथे चारशेवर माणसं गेली.

लसविरोधक आजही लेस्टरचा दाखला देतात. इस्पितळातले कर्मचारी स्वतः टोचून घेतलेले होते, हे मात्र गाळतात. 1901 पासून इथे आरोग्य अधिकारी असलेले किलिक मिलर्ड सक्तीच्या विरोधात होते, पण रोग्याच्या सहवासात आलेल्यांनी लस घ्यावी असंच सांगत.

1970 च्या दशकात भारतातून देवी हटवताना आपल्याकडेही कर्मचारी दारोदार रोगी शोधत हिंडले, सापडलेल्याला वेगळं ठेवलं. फरक इतकाच की भारतात आसपासच्या सगळ्यांना लसही टोचली, आणि नाही म्हणणाऱ्यांसाठी कुठलंही प्रतिज्ञापत्र नव्हतं.