ठाण्याची दमट हवा आणि फ्युएल सेलचे कोरडे मेम्ब्रेन

बसमधील हायड्रोजनच्या फ्युएल सेलचा, म्हणजे हायड्रोजन आणि हवेतील ऑक्सिजनपासून वीज बनवणाऱ्या यंत्रणेचा, विषय निघाला की ठाण्यात एक वाक्य हमखास ऐकू येते: आपली हवा इतकी दमट, मग मेम्ब्रेन (सेलमधील दोन वायूंना वेगळे ठेवणारा पातळ पडदा) सुकेल कशाला? साधा हिशेब मांडला तरी हा समज टिकत नाही. पावसाळ्यात बाहेर ३० अंश सेल्सियस तापमान आणि ८० टक्के सापेक्ष आर्द्रता (त्या तापमानाला हवेत मावू शकणाऱ्या बाष्पापैकी प्रत्यक्ष असलेला वाटा) असताना आत घेतलेली हवा सेलच्या ८० अंशांपर्यंत तापली, की तिची सापेक्ष आर्द्रता जेमतेम ७ टक्के उरते. सेलमध्ये तयार होणारे पाणी ही तूट काही अंशी भरून काढते; परंतु हवा जेथून आत शिरते, तो भाग सर्वांत आधी सुकतो.

नॅफिऑन या पॉलिमरच्या मेम्ब्रेनमधून प्रोटॉन (हायड्रोजनचे धनभारित कण) पलीकडे जातात ते पाण्याच्याच आधाराने. पाणी घटले की रोध वाढतो, व्होल्टेज घसरते आणि वाया गेलेली ऊर्जा त्याच मेम्ब्रेनला आणखी तापवते. नॅफिऑनच्या कोरड्या तुकड्यावर पाण्याचा एक थेंब टाकून पाहावा: ओली बाजू लगेच फुगते आणि तुकडा कोरड्या बाजूकडे वळतो. गाडीवरचा भार कमीजास्त होताना असेच फुगणे-आकसणे चारही कडांनी आवळलेल्या मेम्ब्रेनमध्ये सतत चालते, त्याला वळायलाही जागा नसते, आणि कालांतराने त्यात बारीक छिद्रे पडतात. शिवाय मेम्ब्रेनमधून झिरपलेले वायू एकत्र येऊन हायड्रोजन पेरॉक्साइड बनते, त्यातून निघालेले रॅडिकल, म्हणजे अतिशय क्रियाशील कण, पॉलिमरच्या साखळ्या तोडतात, आणि बाहेर पडणाऱ्या पाण्यातील फ्लोराइडवरून ही झीज ओळखू येते. उष्णता आणि कोरडेपणा एकत्र आले की ती झपाट्याने वाढते. म्हणूनच काही मेम्ब्रेनमध्ये रॅडिकल निष्प्रभ करण्यासाठी सीरियम घालतात.

थंडीची अडचण निराळी. गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगते आणि बर्फाने उत्प्रेरकाच्या (अभिक्रियेला वेग देणाऱ्या पदार्थाच्या) थरातील छिद्रे बुजतात, त्यामुळे सेल बंद करताना आतले पाणी वायूने झटकून टाकावे लागते. लेहच्या बससाठी हा कळीचा प्रश्न आहे, ठाण्यासाठी नाही.

आपला खरा प्रश्न उष्णता बाहेर टाकण्याचा आहे. डिझेल इंजिनाची बरीच उष्णता धुराबरोबर निघून जाते. फ्युएल सेलची मात्र बहुतेक सगळी रेडिएटरमधूनच काढावी लागते, आणि बाहेर ४० अंश असताना ८० अंशांच्या सेलला तापमानाचा फरक मिळतो फक्त ४० अंशांचा. घोडबंदर रस्त्यावर गायमुख घाटाच्या चढणीला भरलेली बस भर उन्हात संथपणे चढत असते, तेव्हा भार जास्त आणि समोरून येणारा वारा कमी, अशी दुहेरी कोंडी होते. म्हणून ठाण्यासाठी अशी बस निवडायची झाल्यास, ती उणे ३० अंशांना सुरू होते याच्या दाखल्याआधी मी अशा चढणीवर, एप्रिलच्या दुपारी, घेतलेल्या चाचणीची तापमान आणि आर्द्रतेची नोंद मागेन.