तुम्ही विचारलंत म्हणून: झबलं सेंद्रिय कापसाचंच हवं का?

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मी झबली, टोपरी, दुपटी विकते. बारशाच्या खरेदीला आलेल्या आज्या हमखास विचारतात, "गे बाय, सेंद्रिय कापसाचं म्हणून एवढे पैसे घेतेस, मग बाळाला पुरळ तरी उठणार नाही ना?"

धंद्याला न शोभणारं उत्तर देते: तशी हमी नाही. शेतात मारलेलं औषध सूतगिरणी, ब्लीच, रंगणी, धुलाई यांतून जाईपर्यंत कापडावर फारसं उरत नाही. त्रास होतो तो बहुधा रंगाचा, सुरकुती पडू नये म्हणून लावलेल्या फॉर्मल्डिहाइडचा, नाहीतर आपल्या दमट हवेत घाम न शोषणाऱ्या पॉलिएस्टरचा. न रंगवलेलं साधं सुती झबलं दोनदा धुऊन घातलंत तरी बरंचसं भागतं. (पावसाळ्यात ते वाळवायचं कसं, ते मला विचारू नका.)

मग जास्त पैसे कशाला? फवारणाऱ्यासाठी. गोव्यात कपाशीची शेती नाही, त्यामुळे पाठीवर पंप घेतलेला माणूस आपल्याला दिसतच नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात गेले. २००२ मध्ये बीटी बियाणं (जनुक बदललेलं, झाडातच अळीला मारणारं विष तयार करणारं) आलं ते बोंडअळीवरचा उपाय म्हणून. पुढे गुलाबी बोंडअळी त्यालाच पचवू लागली आणि पंप परत पाठीवर चढला. सेंद्रिय शेतीत बीटी बियाणं चालत नाही, रासायनिक खत-औषधही नाही. निंबोळी अर्क, कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणारे), कपाशीत तुरीच्या ओळी, शेणखत यांवर निभवायचं. विहिरीत विष उतरत नाही, मधमाश्या टिकतात. पण पिकाचा उतारा बहुधा कमी येतो, आणि प्रमाणपत्र मिळेपर्यंतची दोन-तीन वर्षं मेहनत सेंद्रियची, भाव साधा. कपडा महाग होतो त्यात याचाही वाटा आहे.

सेंद्रिय कापसाने पाणी वाचतं म्हणून जे मोठमोठे आकडे फिरतात, ते मी गिऱ्हाइकाला सांगत नाही. विदर्भातली बहुतेक कपाशी पावसावरच येते, सेंद्रिय असो वा नसो.

आणि नुसत्या 'ऑरगॅनिक' शब्दाला भुलू नका. २०२० मध्ये भारतात सुमारे २०,००० टन कापूस खोट्या कागदपत्रांवर सेंद्रिय म्हणून खपवल्याचं जीओटीएस हे सेंद्रिय कापडाचं जागतिक मानक चालवणाऱ्या संस्थेनंच उघड केलं. तिच्या 'ऑरगॅनिक' लेबलाला किमान ९५ टक्के सेंद्रिय धागा लागतो, 'मेड विथ ऑरगॅनिक'ला ७० टक्के पुरतो. रंग आणि प्रक्रियेतल्या रसायनांवरही तिची बंधनं आहेत, म्हणून बाळाच्या कातडीसाठी काही उपयोग असलाच तर या लेबलाचा. परवाना क्रमांक छापलेला असतो, तो संस्थेच्या यादीत ताडून पाहता येतो. विक्रेता दाखवायला कां-कूं करू लागला, तर साध्या सुती कपड्याच्या भावानेच मागा. माझ्याकडेसुद्धा.