टोपलीतलं गाजर

डब्यातली भाजी संपवली की चार्टवर नावापुढे एक स्टार, असा दुसरीच्या वर्गात माझा नियम होता. तीन आठवडे छान चाललं. एका मुलाच्या नावापुढे तर स्टारची रांगच लागली होती. मग एके दिवशी मधल्या सुट्टीनंतर कचऱ्याच्या टोपलीत कागदाचा बोळा दिसला. आत गाजराचे काप होते. एकालाही दात लागलेला नव्हता.

मी त्याला बाजूला घेतलं. खाली मान घालून तो म्हणाला, "बाई, मला स्टार हवा होता. गाजर नको होतं."

त्याला रागवायला तोंडच उरलं नाही. भाजी म्हणजे बक्षिसाआधी सोसायची गोष्ट, हे मीच शिकवलं होतं. शाळा सुटल्यावर चार्ट काढून टाकला.

पुढच्या आठवड्यात पालकांना ॲलर्जीबद्दल विचारून घेतलं आणि वर्गात जांभळा कोबी नेला. किसून गरम पाण्यात घातला, गाळला आणि ते जांभळं पाणी तीन पेल्यांत ओतलं. एकात लिंबू पिळलं तर पाणी गुलाबी झालं. दुसऱ्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला तर निळंहिरवं. तिसरा तसाच ठेवला, ताडून बघायला. वर्ग नुसता ओरडत होता. कोबीतलं अँथोसायनिन हे रंगद्रव्य आंबट पदार्थ मिळाला की एक रंग दाखवतं, सोडा मिळाला की दुसरा, हे मी सांगितलं खरं, पण सगळ्यांचं एकच, "बाई, परत!"

मग प्रत्येकाच्या हातात कोबीचा एक तुकडा दिला. आधी बघायचा, मग हुंगायचा, कानाशी धरून मोडायचा, जिभेचं टोक लावायचं. खायचा की नाही, ते ज्याचं त्याने ठरवायचं. आवडला नाही तर कागदात थुंकायला पूर्ण परवानगी. फक्त 'शी' म्हणायचं नाही, चवीसाठी शब्द शोधायचा.

त्या मुलाने तुकडा कानाशी मोडला. "कट् वाजलं!" तोंडात टाकला, चावला आणि थुंकला. कोणी काही बोललं नाही. वहीत त्याने लिहिलं, 'आधी पाणी, मग नाकात तिखट.' त्या दिवशीचं वर्गातलं ते सगळ्यात अचूक वर्णन होतं.

नवीन चव पटायला मुलांना आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळाही ती समोर यावी लागते. हे मला माहीत होतं, पण धीर मात्र दोन वेळांपुरताच होता. आता खाल्लं किती हे मोजत नाही, किती वेळा भेट झाली एवढंच टिपते. गाजराला आम्ही किसून, उकडून, भाजून, लांब चिरून भेटलो.

नवव्या भेटीला त्यानेच विचारलं, "बाई, गाजराचं पाणी रंग बदलतं का?"

दुसऱ्या दिवशी करून पाहिलं. किसलेलं गाजर थोडं पाण्यात, थोडं कोमट तेलात. पाण्याला जेमतेम छटा आली, तेल मात्र केशरी होत गेलं, कारण गाजरातलं कॅरोटीन हे केशरी रंगद्रव्य तेलात विरघळतं. सगळे वाटीवर वाकले होते. तोही वाकला होता, हातात गाजराचा उरलेला तुकडा. तेलाकडे बघत बघत त्याने तो कुरतडून संपवला. मी तेलच ढवळत राहिले.