यायचं झालं तर अडतं कुठं?

ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेनं 57 फूट ओलांडले, तेव्हा सांगलीच्या गावभागातल्या आमच्या गल्लीत छातीएवढं पाणी होतं. घरं सोडा म्हणून भोंग्याची गाडी आधी फिरून गेली होती. शेवटच्या घरातल्या मुलीला ते कळलंच नाही. तिला जन्मापासून ऐकू येत नाही आणि आई कामावर गेलेली. मायलेकी कशाबशा बाहेर पडल्या. त्या तिथं राहतात हे ठाऊक असूनही आमच्यापैकी कुणी त्यांच्याकडं गेलं नव्हतं. ती बोच माझ्या मनातून गेली नाही.

गल्लीतल्या सगळ्या बायका एकत्र येतात त्या संक्रांतीच्या हळदी-कुंकवाला. निदान 'सगळ्या' असं आम्ही म्हणायचो. 2023 च्या संक्रांतीआधी मी आणि शेजारच्या वहिनींनी वहीत घरं लिहून काढली आणि जिथनं कुणीच येत नाही तिथं खूण केली. पान खुणांनी भरलं. विधवा बायका, चाकाच्या खुर्चीतल्या काकू, कोपऱ्यावरच्या भाभी, या मायलेकी, दुपारी धुण्याभांड्याला जाणाऱ्या मावश्या. फळ्यावरचं आमंत्रण त्यांनाही होतंच की! मग ठरवलं, घरोघरी जायचं आणि एवढंच विचारायचं, "यायचं झालं तर अडतं कुठं?"

पलीकडच्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडनं मे 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला होता, त्यामुळं हा विषय घरोघरी माहीत होता. हळदी-कुंकू काढूनच टाकावं, नुसता तिळगूळ ठेवावा, असा माझा बेत. गल्लीतल्या एका विधवा मावशींना तो सांगितला तर म्हणाल्या, "बंद कशाला करताय? कुकू मलाबी आवडतं की. मलाबी लावा, म्हंजे झालं." त्यांना न विचारताच मी त्यांच्या वतीनं ठरवून बसले होते. माझ्या सासूबाईंना मात्र हे पटलं नाही. त्या वर्षी त्या आल्या नाहीत आणि मीही आग्रह केला नाही. पुढच्या वर्षी आपणहून आल्या.

वेळ चारऐवजी संध्याकाळी सातची केली आणि वर्गणीसाठी बंद डबा ठेवला, म्हणजे कुणी किती टाकले ते दिसायला नको. भाभींना कुंकवाऐवजी अत्तर आणि गुलाबाचं फूल चालणार होतं.

खरा घोळ झाला तो उताराचा. समाजमंदिराला दोन पायऱ्या, मिळून एक फूट उंची. सुतारानं चार फुटांची फळी आणली. दोन दिवस आधी काकूंना बोलावून चढवून पाहिलं, तर खुर्ची मागं कलली. आम्ही दोघींनी धरली म्हणून बरं, काकूंचा चेहरा पांढराफटक पडला. नंतर चौकशी केली तेव्हा कळलं, फुटाला बारा फूट लांबी लागते. "त्यापेक्षा उचलून नेऊ," कुणीतरी म्हणालं. काकू लगेच म्हणाल्या, "नको. भाचीच्या लग्नात चौघांनी उचललं होतं. त्यानंतर मी कुठं गेलेच नाही." मग बारा फुटांचा उतार करून घेतला, दोन्ही कडांना पट्टी मारून. त्या दिवशी काकू स्वतःच चाकं फिरवत वर आल्या. वाण घेताना त्यांनी पदर सारखा केला, तो हात थरथरत होता.

मुलीच्या बाबतीत पहिल्या वर्षी चुकलोच. उखाण्यांना सगळ्या हसत होत्या आणि ती एकेकीच्या तोंडाकडं बघत बसली. दुसऱ्या दिवशी तिच्या आईनं सांगितलं, "कंटाळली हो ती." पुढच्या वर्षी प्रत्येक उखाणा आधी पाटीवर लिहिला आणि बोलणारीच्या तोंडावर उजेड ठेवला. त्याच संध्याकाळी तिनं लिहून सांगितलं, की दार वाजवून उपयोग नाही, रात्री बोलवायचं तर खिडकीवर बॅटरी मारा.

जुलै 2024 मध्ये कृष्णा पुन्हा चढू लागल्याची बातमी आली. रात्री पावसात बॅटरी घेऊन मी शेवटच्या घराकडं निघाले. तिथं खिडकीखाली डोक्यावर पोतं घेतलेल्या मावशी आधीच उभ्या होत्या, काचेवर उजेड मारत.