तुटक दुबार रेष आणि अडतीस नंबरचे बूट: एक्सपल्सचा सातवा महिना

ओडोमीटर ४,३१२. त्यातले कच्च्या रस्त्याचे किती, तर खरं सांगायचं झालं तर सहाशेही नसतील. बाकी सगळं डांबर. पहाटे पुण्यातून निसटायचं आणि दुपारी धुळीने माखून कोंढव्याच्या ट्रॅफिकमध्ये उकडत उभं राहायचं.

गाडी तीच, हिरोची एक्सपल्स २०० फोर व्ही, कच्च्या रस्त्यांसाठीची उंच मोटारसायकल. सीटची उंची ८२५ मिलिमीटर, माझी पाच फूट दोन इंच. पहिले दोन महिने सिग्नलला थांबायचं म्हटलं की पोटात गोळा यायचा. सस्पेन्शन खाली करून घ्या, असं निम्म्या जगाने सांगितलं. केलं नाही. २२० मिलिमीटरचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीचं पोट आणि जमीन यांतलं अंतर, बघून गाडी घेतली, आता तोच कापायचा तर स्कूटर काय वाईट होती? सीटवाल्याकडून इंचभर फोम तासून घेतला आणि थांबताना एका बाजूला सरकून एकच पाय टेकायची सवय लावली. सीट आता पाटासारखी कडक लागते. पण कच्च्यावर बसतंय कोण, उभं राहूनच तर चालवायची!

या महिन्यात वेळ गेला तो दोन गोष्टींत. एक, जागा शोधणं. दुसरं, पाय सांभाळणं.

जागेचं आधी. सुरुवातीला मी मोबाइलवर उपग्रहाचं चित्र लावून बारीक पांढऱ्या रेषा शोधायचे आणि तिकडे सुटायचे. याने दोन वेळा फजिती झाली. एकदा मढे घाटाशी. पाबे घाटाने वेल्ह्यात, तिथून केळदपर्यंत मजेत गेले. पुढे ॲपवर कोकणात उतरणारी रेघ दिसत होती. ती ट्रेकर लोकांची पायवाट निघाली, पाठीवर सॅक घेऊन उतरायची. तिथून दोनशे मीटर गाडी मागे ढकलत आणली. दुसऱ्यांदा रेघ थेट एका घराच्या अंगणात संपली. आजीबाई शेवया वाळत घालत होत्या. चहा मिळाला, पण लाज वाटायची ती वाटलीच.

मग एका मित्राने गाव नकाशा बघायला शिकवलं. महसुली गावाचा नकाशा, गट नंबरवाला. त्यावर तुटक रेषांची जोडी दिसली की तो गाडीमार्ग, कागदोपत्री १६.५ ते २१ फूट रुंद. तुटक रेष एकटीच असेल तर पायमार्ग, ८.२५ फुटांचा. प्रत्यक्षात दोन्ही बाजूंनी बांध सरकत आलेले असतात आणि एकवीस फुटांची जेमतेम सात फुटांची पाणंद उरलेली असते. तरी बैलगाडीची जुनी वहिवाट असलेली वाट कुठून कुठे जाते, ते कळतं. आणि ती कोणाच्या खासगी रानातून काढलेली नसते, हे महत्त्वाचं. जोडीला सर्व्हे ऑफ इंडियाचे १:५०,००० चे नकाशे मोफत डाउनलोड होतात, त्यावर चढउतार समजतो. समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) एकमेकींना चिकटलेल्या दिसल्या, म्हणजे उभा चढ, की मी आता आपली दुसरी वाट धरते.

असं करून पुरंदर तालुक्यात एक वाट सापडली. बोपदेव चढून सासवडच्या बाजूला. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. साडेनऊ किलोमीटर, सगळं मुरमाड, मध्ये दोन ओढे, एक खडी चढण जिथे सुटे दगड गोट्यांसारखे घरंगळतात. पहिल्या फेरीला अर्ध्यात एक काका आडवे आले.

"कुठं निघालात ताई? पुढं वाट न्हाई, आमचं रान हाय."

मी गाडी बंद केली, हेल्मेट काढलं, मग बोलले. हा क्रम फार कामाचा आहे. हेल्मेट-गॉगलमधून बोलणारा माणूस कुणालाच आवडत नाही. नकाशा दाखवला. काका हसले. म्हणाले, "कागुद बरोबर हाय, पर सध्या कांदा काढलाय, वाटंवरच पसरलाय. वरच्या अंगानं जावा. आन् गोठ्यापाशी आवाज कमी ठेवा, गाय गाभण हाय." मी कंपनीचा मूळ, कमी आवाजाचा सायलेन्सर का बदलत नाही, त्याचं उत्तर मला तेव्हापासून पाठ आहे.

मोकळं दिसतं ते सगळं मोकळं नसतं, हेही याच महिन्यात नीट डोक्यात शिरलं. सासवड-सुपे पट्ट्यातले गवताळ माळ बघून हात शिवशिवतात. पण तिथे लांडगे आहेत, चिंकारा आहेत, आणि सुप्याजवळचं मयूरेश्वर तर अभयारण्यच आहे. परवानगीशिवाय तिथे गाडी घालणं हा गुन्हा. कोकणातल्या सड्यांचं, म्हणजे जांभ्या दगडाच्या पठारांचं, तसंच. कातळ सपाट, लांबच्या लांब, वर कुणी नाही. पण कशेळी, बारसू, उक्षी भागात त्याच जांभ्यावर कातळशिल्पं कोरलेली आहेत. २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. सगळ्यांना कुंपण नाही, फलक नाही. दगडावरची अर्ध्या बोटाची खाच चाळीसच्या वेगात कोणाला दिसणार? मी सडा यादीतून काढून टाकला. वेळासच्या किनाऱ्यावर कासवं अंडी घालतात, त्यामुळे पुळणीवर चाक नेऊन फोटो काढायचा बेतही रद्द.

साताऱ्याकडे चाळकेवाडीला पवनचक्क्यांसाठी पाडलेले मुरमाचे रस्ते आहेत. रुंद, सोपे, नवशिक्यांना उभं राहून चालवायचा सराव करायला उत्तम. वारा मात्र असा की एक्सपल्ससारखी १५८ किलोची गाडीही तिरकी चालते. आणि रस्ता सोडून पठारावर उतरायचं नाही. पावसाळ्यानंतर जी फुलं येतात, त्यांची मुळं त्या चार बोटं मातीतच असतात.

आता पाय.

पुरंदरच्या त्याच घरंगळणाऱ्या चढणीवर पडले. वेग किती? चालणाऱ्या माणसाइतका. क्लच ओढला, गाडी थांबली, डावा पाय टेकायला खाली जमीनच नव्हती. गाडी अंगावर आली आणि घोटा फूटपेगखाली, म्हणजे पाय ठेवायच्या दांडीखाली. पायात ट्रेकिंगचे बूट होते. हाड वाचलं, अकरा दिवस लंगडले. आम्ही सगळे जॅकेटवर पैसे खर्च करतो, कारण ते फोटोत दिसतं. कच्च्यावर आपण पडतो ते बहुतेक जागच्या जागी, आणि मार बसतो घोट्याला, गुडघ्याला, मनगटाला.

म्हणून जॅकेटसाठी जमवलेले पैसे बुटांत गेले. बूट मिळवणं ही स्वतंत्र मोहीम झाली. अडतीस नंबर विचारला की दुकानदार "मॅडम, लेडीजमध्ये नाही येत" म्हणतो आणि मोबाइलमध्ये बघायला लागतो. तीन दुकानं झाली. शेवटी पोरांच्या मोटोक्रॉसच्या बुटांमध्ये बसणारा जोड मिळाला. उंच, कडक, घोट्यात बिजागरी, चार बकल. खरेदी करताना मी एवढंच बघितलं: घोट्यापाशी धरून आडवा पिळला तर वळतो का. वळला की परत फळीवर. पुढचं कुणी सांगितलं नव्हतं. कडक बुटात गिअरचा दांडा लागतच नाही. दुसऱ्याचा न्यूट्रल, तिसऱ्याचा दुसराच. गिअर लिव्हर शाफ्टवरून काढून एक दात वर बसवला, मागच्या ब्रेकचं पेडलही जरा उचललं, तेव्हा जमलं. एक फायदा फुकटात झाला. तळवा जाड असल्यामुळे पाय दीड सेंटीमीटर जास्त पोचतो. एवढ्यावर मी आठवडाभर खूश होते.

गुडघ्याला वेगळे गार्ड घेतले, पँटच्या खिशातले पॅड नाहीत. पायाचा घेर आणि पँटचा घेर जुळला नाही की पडताना पॅड गुडघ्याच्या बाजूला सरकतो. तसा तो असून नसून सारखाच. पॅडवर ईएन १६२१-१ हे युरोपियन मानक छापलंय का आणि पुढे लेव्हल १ की २, हे बघावं. चाचणीत लेव्हल १ मधून सरासरी ३५ किलोन्यूटनपर्यंत धक्का आत येऊ देतात, लेव्हल २ मधून २० पर्यंत; आकडा कमी तेवढं संरक्षण जास्त. पाठीचं मानक वेगळं, ईएन १६२१-२, तिथे लेव्हल १ ला १८ आणि लेव्हल २ ला ९. माझ्या जुन्या जॅकेटच्या पाठीच्या खिशात हात घातला तर निघाला नुसता स्पंज. तो आता स्वयंपाकघरात आहे.

जॅकेट जाळीचंच वापरते आहे. एप्रिलात चाळिशीच्या उन्हात कापडी जॅकेट घालणारे धन्य होत. हेल्मेट चोचवालं, आयएसआयचं. ते तर १ जून २०२१ पासून सक्तीचंच आहे. चोचीमुळे ऐंशीच्या पुढे मान मागे ओढली जाते. चष्म्यावर गॉगल हा प्रश्न अजून सुटलेला नाही.

पंक्चर: तीन. तिन्ही वेड्या बाभळीच्या काट्याने. स्पोकची चाकं, म्हणजे आत ट्यूब. पहिली ट्यूब बदलायला तास-दीड तास, तिसरीला पन्नास मिनिटं. सोबत फक्त पुढची २१ इंची ट्यूब बाळगते. अडलंच तर ती मागच्या १८ इंची चाकात दुमडून घरापर्यंत चालते. हवा पुढे वीस पीएसआयच्या खाली नेऊन बघितली होती, पकड छान आली आणि एका दगडावर ट्यूबच चिमटली गेली. आता वीसच्या खाली नाही.

जूनमध्ये काळ्या मातीचा धडा आहे, तो मागच्या वर्षी मित्राच्या गाडीवर बघितला. शंभर मीटरमध्ये मडगार्ड आणि टायरच्या मध्ये माती अशी ठासली की चाक फिरेना. एक्सपल्सचं पुढचं मडगार्ड उंच आहे ते याचसाठी, पण मागचं काय करणार? पाऊस लागला की पुरंदरची सखल वाट बंद, फक्त मुरमाड माथा.

काल काकांचा फोन आला होता. कांदा उचलला, वाट मोकळी आहे. "किती गाड्या आणताय?" तीन, म्हटलं. "तिनाच्या चार करू नका. आन् येताना सासवडवरनं गाईच्या पेंडीचं एक पोतं बसतंय का बघा मागं." कॅरिअरवर पन्नास किलो बसत नाही. पंचवीसची दोन पोती दोन गाड्यांवर बांधून नेतोय, रविवारी.